धर्मग्रंथांतील आडवाटा

मोठा धर्मग्रंथ हा एखाद्या जुन्या क्षेत्रासारखा असतो. यात्रेकरू ठरलेल्या घाटावर स्नान करतो, ठरलेल्या देवळांत दर्शन घेतो आणि ठरलेल्या रस्त्यानें घरीं परततो. त्याच क्षेत्रांत एखाद्या बोळाच्या टोंकाशीं एक पडकें देऊळ असतें. तेथें क्वचित् कोणी दिवा लावतो, आणि आंतील देवतेचें नांवहि आसपासच्या चार घरांवांचून कोणास ठाऊक नसतें. यात्रेकरूस दोष देण्याचें कारण नाहीं. त्याच्या हातीं वेळ थोडा असतो, आणि ज्या देवळाची कीर्ति झाली तिची कांहीं तरी कारणें असतातच. तरीपण एखादा मनुष्य सहज त्या बोळांत शिरतो, आणि जें समाधान मोठ्या देवळाच्या गर्दींत त्यास मिळालें नाहीं तें तेथें मिळतें. त्याच्या या समाधानाची किंमत काय करावयाची, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. आणि त्याच्या विचारासाठीं आम्ही ख्रिस्ती शास्त्राचें उदाहरण घेतलें आहे.

प्रॉटेस्टंट पंथाच्या बायबलांत ६६ पुस्तकें व ११८९ अध्याय आहेत. रोमन कॅथलिक पंथ ७३ पुस्तकें प्रमाण मानतो. इतक्या विस्तृत संग्रहांतून सामान्य भाविकाच्या तोंडीं असलेला भाग वेगळा काढला, तर तो एका लहानशा वहींत सहज मावेल. डोंगरावरील प्रवचन, उधळ्या पुत्राचा दृष्टान्त, चांगल्या शोमरोन्याची गोष्ट, तेविसावें स्तोत्र, करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रांतील प्रीतीविषयींचा तेरावा अध्याय, हीं स्थळें ख्रिस्ती नसलेल्या सुशिक्षित वाचकासहि परकीं वाटत नाहींत. परंतु शुद्धाशुद्धतेचे नियम, शिरगणत्या, इतिहासाच्या पहिल्या पुस्तकाच्या आरंभींचे वंशावळींचे नऊ अध्याय, संदेष्ट्यांच्या चरित्रांतील बारीकसारीक प्रसंग, पौलाच्या पत्रांच्या शेवटचे खाजगी निरोप, यांकडे कोण लक्ष देतो? ग्रंथाच्या बाह्य रचनेनेंहि या भेदास हातभार लावला आहे. आज प्रचारांत असलेले अध्याय तेराव्या शतकाच्या आरंभीं पाडले गेले, आणि त्याचें श्रेय बहुधा स्टीफन लँग्टन यास देण्यांत येतें. नव्या कराराच्या वचनांना आजचे आंकडे रोबेर एस्तिएन या मुद्रकानें १५५१ सालीं घातले. तेव्हांपासून एकेक वचन सुटें करणें, पाठ करणें, भिंतीवर लावणें आणि वादांत पुढें करणें सोपें झालें. कांहीं वचनें नाण्यांप्रमाणें हातोहात फिरूं लागलीं. बाकीचीं पेटींत राहिलीं.

हा ग्रंथ कोणी ईश्वरप्रणीत मानो अगर प्राचीन मानवांची कृति मानो, आमचा प्रश्न दोघांनाहि सारखाच लागू आहे. पेटींत राहिलेल्या अशा एखाद्या वचनांत वाचकास स्वतःपुरता अर्थ सांपडला, तर तो ग्रंथाचा अर्थ समजावा कीं वाचकाच्या मनाचा खेळ? तो खेळच असेल, तर संकटाच्या वेळीं त्यावर भार टाकणारा मनुष्य पोकळ काठीवर भार टाकतो, असें म्हणावें लागेल. म्हणून हा प्रश्न केवळ पंडितांच्या वादाचा नाहीं.

प्रथम एवढें कबूल केलें पाहिजे कीं, धर्मग्रंथांतून निवड करणें हा अपराध नव्हे. रोमन कॅथलिक उपासनेंतील रविवारच्या वाचनांचें तीन वर्षांचें चक्र १९६९ सालीं सिद्ध झालें. पूर्वीपेक्षां अधिक शास्त्र लोकांच्या कानीं पडावें हाच त्यामागील हेतु होता, आणि तो पुष्कळ अंशीं सफल झाला. तथापि चक्र कितीहि मोठें केलें तरी कोठें तरी कात्री लावावीच लागते. ती कोठें लागली याचें एक उदाहरण आम्हांस बोधप्रद वाटतें. या चक्राच्या तिसऱ्या वर्षीं, सामान्य काळाच्या विसाव्या रविवारीं, यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या अडतिसाव्या अध्यायांतील कांहीं वचनें वाचतात, आणि तें वाचन दहाव्या वचनाशीं थांबतें.

प्रसंग असा आहे. बाबेलच्या सैन्यानें यरुशलेमेस वेढा दिला आहे. काळ ख्रिस्तपूर्व ५८७ च्या सुमाराचा. शहर टिकणार नाहीं, शरण जाल तर प्राण वांचतील, असें यिर्मया उघडपणें सांगत आहे. त्यायोगें शिपायांचा धीर खचतो म्हणून सरदार त्याच्या मरणाची मागणी करतात. दुबळा राजा सिद्कीया हात झटकून मोकळा होतो. आणि सरदार त्या संदेष्ट्यास दोरांनीं एका टांक्यांत सोडतात. टांक्यांत पाणी नाहीं, चिखल आहे, आणि यिर्मया त्या चिखलांत रुततो. ही वार्ता राजवाड्यांतील एबद-मलेख नांवाच्या खोजाच्या कानीं जाते. हा मनुष्य कूशी, म्हणजे मिसर देशाच्या दक्षिणेकडील प्रदेशांतला. तो वेशींत बसलेल्या राजाकडे जातो, घडलेलें कृत्य अन्यायाचें आहे असें धिटाईनें सांगतो, आणि राजा त्यास माणसें बरोबर घेऊन यिर्मयास वर काढण्याची आज्ञा करतो. उपासनेंतील वाचन येथें संपतें. संकट आलें, दाद मागितली, सुटकेचा हुकूम झाला. ऐकणाऱ्यास गोष्ट पुरी झाली असें वाटतें.

ग्रंथांत मात्र ती आणखी तीन वचनें चालते. एबद-मलेख प्रथम टांक्याकडे धांवत नाहीं. तो राजवाड्यांत, खजिन्याच्या खालच्या जागेंत जातो. तेथून जुनेरें आणि फाटक्या वस्त्रांच्या चिंध्या गोळा करतो. त्या दोरांनीं खालीं सोडतो. आणि दोर काचूं नयेत म्हणून त्या काखांखालीं धरावयास यिर्मयास वरून सांगतो. यिर्मया तसें करतो, आणि मग त्यास ओढून वर काढतात.

या तीन वचनांतून एखादा सिद्धान्त काढावा असें त्यांत कांहीं नाहीं. प्रवचनकारास तीं गाळतां येतात, कारण तीं गाळल्यानें संदेष्ट्याची सुटका अडत नाहीं. चिंध्या नसत्या तरी तो वर आलाच असता. परंतु ज्यानें आयुष्यांत एकदां तरी दुसऱ्याच्या दोरानें वर येण्याचा अनुभव घेतला आहे, तो वाचक येथें थबकतो. आश्रित म्हणून वाढलेला पुतण्या, कर्जाऊ रकमेसाठीं आप्ताच्या दारीं गेलेला गृहस्थ, महिनोगणती अंथरुणावर पडून दुसऱ्याच्या हातून पाणी पिणारा रोगी, यांस मदत मिळाली नाहीं असें नाहीं. मदत मिळाली, आणि तिचे वळहि राहिले. उपकार करणाऱ्याचें लक्ष आपण वर काढीत आहों या गोष्टीकडे असतें. दोर कोठें काचतो हें खालच्यालाच कळतें. एबद-मलेखाला तें न सांगतां कळलें. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, सरदारांनीं यिर्मयास खालीं सोडतांनाहि दोरच वापरले होते. दोर दोघांच्याहि हातीं होते. जुनेरें एकाच्याच हातीं होतीं.

आणि हीं जुनेरें राजवाड्यांत कोठें असतात हें कोणास ठाऊक असणार? सरदारांस नव्हे, तें नोकरासच ठाऊक. एबद-मलेख या शब्दाचा अर्थच राजाचा सेवक असा आहे, तेव्हां त्याचें खरें नांव आपणांपर्यंत पोंचलें आहे कीं नाहीं याचीहि शंका वाटते. तो परदेशी, तो नोकर, आणि खोजा असल्यामुळें इस्राएलाच्या जुन्या धर्मशास्त्राप्रमाणें देवाच्या मंडळींत प्रवेश करण्यासहि अपात्र. ज्यास स्वतःला पदोपदीं कांहीं ना कांहीं काचलें असेल, त्याच माणसास दुसऱ्याच्या काखेची आठवण झाली. पुढल्या अध्यायाच्या शेवटीं, शहर पडतांना त्याचा जीव वांचेल असें त्यास वचन मिळतें. परंतु त्याच्या स्मरणास खरी जागा त्या चिंध्यांनींच मिळवून दिली, असें आम्हांस वाटतें.

येथें एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाहीं. चिंध्यांचा उल्लेख एखाद्या पाहणाऱ्यानें सहज केला असेल. त्यांत दयेची रीति शोधणें ही वाचकाची करामत होय. प्रसिद्ध वचनांवर शतकानुशतकें भाष्यें झालीं आहेत, त्यामुळें तेथें वाचकाच्या लहरीस आवर घालणारे पुष्कळ असतात. आडवाटेवर पहारा नसतो. जेथें स्वातंत्र्य अधिक, तेथें फसगतहि अधिक.

या आक्षेपास दाखला हवा असेल तर तो दूर शोधावयास नको. वर उल्लेखिलेल्या वंशावळींत, नांवांच्या रुक्ष यादींत, दोनच वचनांचा एक विसावा येतो. याबेस नांवाच्या मनुष्याविषयीं तेथें सांगितलें आहे कीं, त्याच्या आईनें त्यास वेदनेंत प्रसवलें म्हणून तिनें त्यास वेदनेची आठवण देणारें नांव ठेविलें. पुढें त्यानें देवाजवळ आपली सीमा वाढावी, देवाचा हात आपणांबरोबर असावा आणि आपणांस पीडा होऊं नये अशी प्रार्थना केली, व ती देवानें मान्य केली. शतकानुशतकें या दोन वचनांची कोणी फारशी विचारपूस केली नाहीं. इ. स. २००० मध्यें ब्रूस विल्किन्सन या अमेरिकन उपदेशकानें त्यांवर एक अगदीं लहान पुस्तक लिहिलें, आणि थोडक्याच काळांत त्याच्या लक्षावधि प्रती खपल्या. ही प्रार्थना नित्य म्हणावी असा त्याचा उपदेश होता. देवाच्या सेवेचें क्षेत्र वाढावें हा आपला मुख्य अभिप्राय असल्याचें लेखकाचें म्हणणें होतें, हें न्यायास धरून सांगितलें पाहिजे. परंतु पुष्कळ वाचकांनीं त्या सीमेचा अर्थ आपला धंदा, आपलें घर, आपली मिळकत असाच लाविला, आणि खुद्द ख्रिस्ती टीकाकारांनीं त्याबद्दल पुस्तकास दोष दिला.

येथें घडलें काय? उपेक्षित वचन उजेडांत आलें, परंतु त्याचा अर्धाच भाग आला. सीमा सर्वांस दिसली. ती वेदनेनें नांव ठेवणारी आई कोणास दिसली नाहीं. जो मुलगा जन्मभर आपल्या नांवांतून आईच्या कळा वागवीत होता, त्याच्या तोंडची पीडेविषयींची विनवणी आणि मिळकतीची हांव यांत फार अंतर आहे. यावरून आम्ही पहिली कसोटी ठरवितों. स्वतःपुरता अर्थ घ्यावयाचा तर घ्यावा, पण त्या स्थळीं जें जें लिहिलें आहे तें सारें त्या अर्थांत राहिलें पाहिजे. आपल्या इच्छेस सोयीचे दोन शब्द उचलून बाकीचे पुनः अंधारांत टाकणें, ही त्या वचनाची दुसरी उपेक्षा होय.

दुसरी कसोटी आम्हांस ऑगस्टीनच्या चरित्रांत सांपडते. इ. स. ३८६ मध्यें मिलान येथील एका बागेंत, मनाच्या अत्यंत तळमळींत, त्यानें पौलाच्या पत्रांचें पुस्तक उघडलें आणि जें वचन प्रथम दृष्टीस पडलें तें वाचलें. पोथी उघडून कौल घेण्याचा हा प्रकार दिसावयास भाबडा आहे, आणि अशा रीतीनें वाटेल त्यास वाटेल तो कौल मिळूं शकतो. परंतु ऑगस्टीनला मिळालेलें वचन त्याच्या सोयीचें नव्हतें. दंगामस्ती, मद्यपान आणि विषयासक्ति टाकून देण्याचा तो साधा उपदेश होता, आणि ज्या जीवनक्रमास तो चिकटून राहिला होता तोच त्यास सोडावा लागला. याबेसच्या वचनांनीं बहुतेक वाचकांस जें अगोदरच हवें होतें तें मागण्याची मोकळीक दिली. ऑगस्टीनपाशीं त्या वचनानें कांहीं मागितलें. अर्थ खरा कीं बनावट हें पाहावयाचें असेल तर तो आपणांपासून काय मागतो हें विचारावें.

या दोन कसोट्या घेऊन आतां एका अगदींच किरकोळ दिसणाऱ्या वचनाकडे वळूं. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटीं पौल एक निरोप सांगतो: त्रोवस येथें कार्पाच्या घरीं आपला झगा राहिला आहे तो येतांना आणावा, पुस्तकें आणावीं, आणि विशेषेंकरून चर्मपत्रें आणावीं. फ्रान्सिस न्यूमन, म्हणजे सुप्रसिद्ध कार्डिनल न्यूमन यांचा धाकटा भाऊ, यानें १८५० सालीं आपल्या धर्मविचारांचा इतिहास प्रसिद्ध केला. तरुणपणीं आपणांवर छाप पाडणाऱ्या एका आयरिश धर्मोपदेशकाची आठवण त्यानें त्यांत दिली आहे. हा उपदेशक म्हणजे जॉन नेल्सन डार्बी होय असें सामान्यतः मानतात. न्यूमननें त्यास विचारलें कीं, झग्याविषयींचें हें वचन लिहिलेंच गेलें नसतें तर आपलें काय नुकसान झालें असतें? उपदेशकानें तत्काळ सांगितलें कीं, आपलें तरी नुकसान झालें असतें. कारण आपला लहानसा ग्रंथसंग्रह विकून टाकण्याच्या बेतांत असतां याच वचनानें आपणांस थांबविलें.

पुढें न्यूमनचा धर्मविश्वास पालटत गेला, आणि त्या पालटाचीच हकीकत त्याच्या पुस्तकांत आहे. त्याचा प्रश्न आजहि सशास्त्र वाटतो. एका माणसाचा झगा दुसऱ्या माणसाकडे राहिला, यांत तिसऱ्या माणसासाठीं उपदेश कोठून असणार? शिवाय हें पत्र खुद्द पौलानें लिहिलें नसून त्याच्या मागून एखाद्या शिष्यानें लिहिलें असावें, असें अर्वाचीन पंडितांपैकीं पुष्कळांचें मत आहे. आणि असले घरगुती तपशील कोणी बनावट लिहीत नाहीं म्हणून निदान एवढा भाग तरी पौलाचाच असावा, असें म्हणणारेहि आहेत. त्या वादाचा निकाल कांहींहि लागो, वचनांतील चित्र स्पष्ट आहे. मरण जवळ आलें आहे हें जाणणारा एक वृद्ध बंदिवान हिंवाळ्यापूर्वीं आपल्या सोबत्यास बोलावीत आहे; त्यास थंडी वाजते, आणि त्यास वाचावयास हवें आहे. डार्बीनें या चित्रांतील पुस्तकें घेतलीं, आणि झगा तेथेंच ठेविला. त्याचा अर्थ खोटा नव्हे. परंतु आमच्या पहिल्या कसोटीस तो अर्धाच उतरतो.

पुरा उतरणारा अर्थ त्याच्या तीनशें वर्षें अगोदर एका माणसाच्या वांट्यास आला होता. विल्यम टिंडेलनें नवा करार मूळ ग्रीकवरून इंग्रजींत उतरविला व तो १५२६ सालीं छापून निघाला. अर्थात् झग्याचें हें वचनहि त्याच्या लेखणीखालून गेलें होतें. १५३५ सालीं त्यास अँटवर्प येथें पकडून ब्रुसेल्सजवळच्या फिल्फोर्डे किल्ल्यांत ठेविलें. तेथून त्यानें अधिकाऱ्यास लिहिलेलें एक लॅटिन पत्र उपलब्ध आहे. हिंवाळा येथेंच काढावयाचा असेल तर अधिक उबदार टोपी, अधिक उबदार अंगरखा, पायमोज्यांना ठिगळ लावण्यास कापड आणि संध्याकाळीं एक दिवा मिळावा, अशी त्यांत विनंती आहे. आणि सर्वांहून अधिक कळकळीनें हिब्रू बायबल, हिब्रू व्याकरण आणि हिब्रू शब्दकोश मागितला आहे. पत्रांत पौलाचें नांव नाहीं. टिंडेलला तें वचन आठवलें होतें कीं नाहीं हा प्रश्नच गौण आहे, कारण तोंवर तें त्याचें स्वतःचें झालें होतें. देह गारठला असतां ज्ञानाची भूक मारूं नये, आणि ज्ञानाची भूक मोठी म्हणून देहाच्या गारठ्याची लाज बाळगूं नये, हे दोन्ही अर्थ त्याच्या मागणींत एकत्र आहेत. पुढल्या वर्षीं, १५३६ सालीं, त्यास देहान्त शासन झालें. या वचनानें टिंडेलपासून काय मागितलें हें निराळें सांगावयास नको. मरणाच्या दारींहि त्यास आपलें काम चालू ठेवावयाचें होतें.

परंतु आमची दुसरी कसोटी एका स्थळीं अडखळते, आणि तें स्थळ टाळून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. दीडशें स्तोत्रांच्या संग्रहांत विलापाचीं स्तोत्रें पुष्कळ आहेत. बहुतेकांची चाल अशी कीं, आरंभीं आक्रोश असतो आणि शेवटाकडे विश्वासाचा किंवा स्तुतीचा सूर लागतो. अठ्ठ्यायशींवें स्तोत्र या रीतीस अपवाद आहे. हेमान एज्राही याच्या नांवावर असलेल्या या स्तोत्रांत एक दुःखी जीव रात्रंदिवस देवाला हांका मारतो, देवानें तोंड कां लपविलें हें विचारतो, जिवलग दुरावल्याचें सांगतो, आणि अंधारांतच त्याचें बोलणें संपतें. शेवटीं आशेचा शब्द नाहीं. ज्याचें मूल गेलें आहे किंवा ज्याचा रोग बरा होणारा नाहीं, अशा वाचकापासून या स्तोत्रानें काय मागावें? त्याच्याजवळ देण्यासारखें कांहीं उरलेलें नसतें.

आम्हांस असें वाटतें कीं, दुःखी माणसाजवळ तें कांहींच मागत नाहीं. त्यास तें फक्त सोबत करतें. परंतु त्याच्या उशाशीं बसलेल्यांजवळ तें फार मोठी गोष्ट मागतें. समाचारास येणाऱ्या माणसाच्या तोंडीं तेविसावें स्तोत्र तयार असतें. तें सुंदर आहे यांत शंका नाहीं; तथापि पुष्कळदां तें दुःखिताच्या समाधानासाठीं म्हटलें जात नाहीं, तर त्याचें रडणें लवकर थांबावें म्हणून म्हटलें जातें. स्तोत्रांचा संग्रह करणाऱ्यांसहि हा मोह झाला असेल. अठ्ठ्यायशींव्या स्तोत्राच्या शेवटीं आशेची एखादी ओळ जोडावयास त्यांस कोण अडविणार होतें? त्यांनीं ती जोडली नाहीं. एका माणसाचा अंधार त्यांनीं जसाच्या तसा राहूं दिला आणि त्यास प्रार्थनेच्या पुस्तकांत जागा दिली. ज्यास या स्तोत्राचा अर्थ कळला, तो दुसऱ्याच्या दुःखास घाईनें शेवट जोडणार नाहीं. मागणी आहे ती ही, आणि ती ज्याच्या अंगीं बळ आहे त्याच्याजवळ आहे.

आतां कोणी म्हणेल कीं, प्रत्येक वचनांत अर्थ शोधण्याची ही सक्तीच झाली. तशी सक्ति करण्याचा अधिकार कोणास आहे, असें आम्ही मानीत नाहीं. हॉवर्ड थर्मन या निग्रो वंशांतील अमेरिकन धर्मचिंतकानें १९४९ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत आजीची एक हकीकत दिली आहे. तिचा जन्म गुलामगिरींत झाला होता. तिला वाचतां येत नसे, म्हणून नातू तिला बायबल वाचून दाखवी. परंतु प्रीतीविषयींचा तो एक अध्याय क्वचित् प्रसंगीं सोडला, तर पौलाचीं पत्रें ती वाचूं देत नसे. कारण विचारतां तिनें सांगितलें कीं, गुलामगिरीच्या दिवसांत मालकाचा गोरा उपदेशक वारंवार पौलाचाच आधार घेऊन गुलामांनीं धन्याच्या आज्ञेंत राहावें असें सांगे. आपण कधीं स्वतंत्र झालों आणि वाचावयास शिकलों तर तो भाग वाचणार नाहीं, असा तिनें तेव्हांच निश्चय केला होता. झग्याचें वचन ज्या पत्रांत आहे तें पत्रहि अर्थात् त्यांतच मिटलें गेलें. या वृद्धेस तुम्ही एका सुंदर वचनास मुकलांत, असें सांगावयास कोण धजेल? आम्ही ज्यास उपेक्षा म्हणतों ती आळसांतून येते. तिचा नकार अनुभवांतून आला होता. नाणें फार फिरलें म्हणजे झिजतें, आणि कधीं कधीं तें ज्याच्या मुठींत असेल त्याचाच शिक्का त्यावर उमटतो. आडवाटेवरील वचनांवर असा शिक्का बहुधा पडलेला नसतो, हाच त्यांचा मुख्य लाभ. आणि याबेसच्या उदाहरणावरून दिसतें कीं, हा लाभहि कायमचा नाहीं.

धर्मग्रंथांतील कोणतेंहि वचन गाळण्याची ज्यास मुभा नाहीं असा वाचक एकच, आणि तो म्हणजे भाषांतरकार. आमच्या भाषेंत या गोष्टीचें थोर उदाहरण पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचें आहे. हिब्रू व ग्रीक या भाषांचा अभ्यास करून त्यांनीं संपूर्ण बायबल सोप्या मराठींत उतरविलें. केडगांवच्या मुक्ति मिशनच्या छापखान्यांत छापलेलें तें भाषांतर त्यांच्या निधनानंतर १९२४ सालीं प्रसिद्ध झालें. साध्या, अल्पशिक्षित माणसांस, विशेषतः स्त्रियांस, तें समजावें ही त्यांची तळमळ होती. असें काम करणाऱ्यास कृपा आणि तारण या शब्दांइतकाच विचार जुनेराला आणि झग्याला द्यावा लागतो. वंशावळींतील एकेक नांव हातानें लिहावें लागतें. याबेसची आई, टांक्यांतील चिखल, हेमानाचा अंधार, हें सारें आपल्या घरच्या भाषेंत आणून ठेवावें लागतें. आपणांस यांत अर्थ दिसला नाहीं म्हणून त्यास तें टाकतां येत नाहीं. आपणांमागून येणाऱ्या कोणास तरी तो दिसेल या विश्वासानें तो तें राखून ठेवितो. सामान्य वाचकास एवढे श्रम करण्याचें कारण नाहीं. परंतु जें आज आपणांस मुकें आहे तें दुसऱ्यासाठीं जपावें, ही वृत्ति त्यानें भाषांतरकारापासून घेण्यासारखी आहे.

असो. उपेक्षा झाली एवढ्यानेंच कोणतेंहि वचन पवित्र होत नाहीं, आणि प्रसिद्धि मिळाली एवढ्यानें कोणतें हीनहि ठरत नाहीं. स्वतःस सांपडलेला अर्थ स्वतःचा आहे म्हणून खरा मानूं नये, तसा तो पंडितांनीं सांगितला नाहीं म्हणून खोटाहि मानूं नये. त्या स्थळीं लिहिलेलें सारें त्यांत आलें आहे कीं नाहीं, आणि तो आपल्या इच्छेस दुजोरा देतो कीं आपणांजवळ कांहीं मागतो, एवढें पाहावें. शेवटचा निकाल मात्र पुस्तक मिटल्यावर लागतो. एबद-मलेखाच्या त्या तीन वचनांनीं आपणांस हलविलें असें जो म्हणतो, त्यानें पुढें कोणास दोर टाकतांना क्षणभर थांबून जुनेरें शोधलीं नाहींत, तर त्यास त्या वचनांचा अर्थ सांपडला नव्हता. एक कल्पना तेवढी सुचली होती.